चिमूटभर मोलिब्डेनम

आम्ही धम्म घेतला त्याला वर्ष झालं होतं. त्या हिवाळ्यात गिरडजवळच्या आमच्या गावात सगळ्यांचाच हरभरा पिवळा पडला, आणि शेतकीचे साहेब मोलिब्डेनमची एकच पुडी घेऊन आले. म्हणाले, एकराला चिमूटभर पुरतं, पण तेवढंही नसलं तर पीक उपाशी राहतं. पाटलानं आमच्या नत्थूकडं बोट दाखवलं. "पयले याच्या वावरात टाका साहेब. जळलं तर याचं जळन."

नत्थूनं पुडी घरच्या घागरीत कालवली आणि अर्धी घागर शिंपडली. पंधरा दिवसांत हरभरा असा हिरवागार झाला, की नत्थू आणि त्याची बायको तानाबाई बांधावर बसून नुसतेच हसत सुटायचे.

मग पाटील स्वतःच पितळेची कळशी घेऊन त्यांच्या दारात आला.

"नत्थू, ते दवाईचं पानी उरलं का?"

"उरलं न. पन आमच्या घागरीतलं हाय, पाटील."

"चालते."

नत्थूनं हसू दाबायला धोतराचा सोगा तोंडात कोंबला. तानाबाईनं घागर उचलून पार डोक्याच्या वर नेली.

"कळशी खाली धरजा, पाटील. तुमच्या दारात आमाले पानी वरूनच देतेत. मले दुसरी रीत येत नाई."