कालवाइटचा आवाज

"द्या हुकूम, सार्जंट," लेफ्टनंट फॉन राडे म्हणाला. "क्योनिगग्रेट्सच्या लढाईत मोडत आलेली डिव्हिजन तुमच्या आवाजावर पुन्हा उभी राहिली म्हणतात. बघू या तरी."

चर्चसमोरच्या चिखलात गावातले फ्रेंच बाप्ये रांगेत उभे होते. डिव्हिजनमधून पळालेला एक प्रशियन शिपाई त्यांच्यात लपलाय, अशी खबर होती. कवायतीचा हुकूम कानावर पडला की त्याचे पाय आपोआप जुळतील, असा लेफ्टनंटचा होरा. सापडला की गोळी. सार्जंट कालवाइटला तो केव्हाच दिसला होता. दाढी वाढलेला, अंगात कुणाचा तरी निळा डगला. एमिल. सख्ख्या बहिणीचा मुलगा. लेफ्टनंट नवा होता, त्याला एमिलचा चेहरा ठाऊक नव्हता, एवढंच काय ते नशीब.

मेल्या, पळालास तर पळालास, लांब तरी जायचंस! कालवाइट मनात म्हणाला. मेट्झच्या वेढ्यात पोरं हगवणीनं पटापट मरत होती, तिथं याचा धीर सुटला. पण याच्या हाडात कवायत मुरवली कुणी? या मामानंच, घसा फोडफोडून. आता आवाज चोरावा, तर लेफ्टनंट शेजारीच कान टवकारून उभा.

"सावधान!"

मागचे पहाऱ्यावरचे शिपाईसुद्धा ताठ झाले. एमिल मात्र पोक काढून नाक पुसत राहिला. शेजारच्या म्हाताऱ्यानं त्याला फ्रेंचमध्ये विचारलं, "हा का भुंकतोय रे?" एमिलनं नुसते खांदे उडवले.

शाब्बास रे वाघा!

"पुन्हा," लेफ्टनंट म्हणाला.

पुन्हा झालं. आणखी जोरात झालं. एमिलनं जांभई दिली.

लेफ्टनंटनं हातमोजे चढवले. "खबर खोटी निघाली. हाकला यांना घरी."

कालवाइटचा जीव भांड्यात पडला. बहिणीला तोंड दाखवता येईल आता. डोळे भरून आले, ते लेफ्टनंटला दिसू नयेत म्हणून त्यानं छाती काढली आणि इतकी वर्षं रोज कवायत संपताना द्यायचा तो हुकूम सवयीनं देऊन टाकला.

"विसर्जन!"

गावकरी जागचे हलले नाहीत. त्यांना जर्मन कुठलं कळायला? एकटा एमिल टाचेवर गर्रकन फिरला, पाय आपटला आणि ताठ मानेनं चालू लागला.

दोन पावलांवर तो थबकला. वळून त्यानं मामाकडे पाहिलं.

"वा, सार्जंट!" लेफ्टनंट खूश होऊन म्हणाला. "ही युक्ती मला नसती सुचली."