अण्णांचा कॉमा

हर्षलची बायको बंगाली. फॅमिली ग्रुपवर सासुरवाडीची मंडळीही होती, म्हणून नाशिकहून त्याचे वडील, अण्णा, मोडक्यातोडक्या इंग्रजीत मेसेज टाकायचे. कॉमा नको तिथे चार, हवा तिथे एकही नाही! बंगळुरूत बसलेल्या हर्षलला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तो हातातलं काम टाकून लगेच खाली दुरुस्त केलेला मेसेज टाकायचा. अण्णांचं तेवढ्याच तत्परतेनं यायचं, "थँक्यू बाळा."

शेवटी त्यानंच पंचवटीतल्या एका क्लासला अण्णांचं नाव घातलं. पावसाळ्यात दोन महिने कशी अगदी स्वच्छ इंग्रजी आली. हर्षल निश्चिंत झाला. मग मात्र गाडी पुन्हा घसरली. कॉमा पुन्हा वाट्टेल तिथे, आणि हर्षलची दुरुस्तीही पुन्हा सुरू.

दिवाळीला घरी आला तसा तो तडक क्लासवर गेला. "मॅडम, अण्णांना अजून साधा कॉमा देता येत नाही. शिकवलंत तरी काय?"

नाझिया मॅडम बघतच राहिल्या. "अण्णांना? अहो, नव्या बॅचला कॉमा आता तेच समजावून सांगतात!"

जिना उतरता उतरता हर्षलनं मोबाइलवर त्या दोन महिन्यांचे मेसेज काढले. गोदावरीला पाणी वाढलंय. तुझी पाठ कशी आहे? आई आज तुझ्या आवडीची शेवभाजी करतेय. एकाही मेसेजमध्ये चूक नव्हती.



आणि एकाही मेसेजखाली हर्षलचं उत्तर नव्हतं.