हललेला फोटो

पहिल्या कॅमेऱ्यातला फोटो पुन्हा हललेला आला. ही पाचवी खेप. समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातले आकडे असे पसरले होते, की तारीख कुठली नि वार कुठला, काही पत्ता लागेना.

"यात खोट आहे," घड्याळजी म्हणाले. त्यांनी कॅमेरा कानाला लावला, हलवून पाहिला. "आत काहीतरी सैल झालंय. एक बारीक स्क्रू ड्रायव्हर द्या, आत्ता सांगतो."

"काका, उघडू नका हं!" विक्रीच्या काउंटरवरची मुलगी दचकून पुढे आली.

तासभर हेच चाललं होतं. दोन कॅमेरे, किंमत जवळजवळ सारखी, आणि दोन्हींतलं घड्याळजींना ओ की ठो कळत नव्हतं. फोटोची हौस त्यांना कधी नव्हतीच. हा सगळा लेकीचा हट्ट. एवढी वर्षं मान मोडून बसलात, आता दुपारी तरी बाहेर पडा, झाडं बघा, पाखरं बघा, असं तिनं डोकं खाल्लं होतं. पाखरं काय, माझ्याशिवाय उडतातच की, असं त्यांचं उत्तर. तिचा कावा त्यांना कळत नव्हता थोडाच! आज कॅमेरा, उद्या दुपारची सुट्टी, परवा घड्याळदुरुस्तीच्या दुकानातली खुर्चीच गेली. बेचाळीस वर्षांची खुर्ची. ती सुटली की माणसानं करायचं काय? त्यांना त्याचीच भीती वाटत होती, आणि म्हणूनच ते सकाळपासून घुश्शात होते.

"हात थरथरायला लागला की मी आपणहून उठेन," रस्त्यात ते तिला म्हणाले होते. "कुणी सांगायला नको. पण वर्ष झालं, माझ्या हातचं एक तरी घड्याळ परत आलंय का? सांग ना!"

त्यांच्या दुकानात लेक शेजारच्या टेबलाशी बसायची. काम त्यांनीच शिकवलेलं. संध्याकाळी सहाला त्यांना घरी पिटाळायचं आणि दुकान आवरायला आपण मागे थांबायचं, हा तिचा नेम. आता इथे ती स्टुलावर बसून जांभया देत होती. डोळे लाल. ही पोरगी हल्ली सदानकदा दमलेलीच असते, कुणी बघितलं तर म्हणेल बाप राबवून घेतो, असं त्यांच्या मनात आलं.

"आता हा दुसरा बघा," काउंटरवरची मुलगी म्हणाली. तिचेही पाय भरून आले असावेत. एका पायावर भार देऊन ती उभी होती.

घड्याळजींनी दुसऱ्या कॅमेऱ्यानं कॅलेंडर टिपलं. आकडा न् आकडा लख्ख.

"याला म्हणतात यंत्र! तो पहिला भंगारात टाका."

"अहो काका, पहिल्यात काहीच खोट नाही." मुलीनं तो उचलला, सहज एक फोटो काढला आणि दाखवला. तोही लख्ख. "उलट याचे रंग जास्त छान येतात. फक्त हात स्थिर लागतो. दुसऱ्यात एक सोय आहे. हात थरथरला, की आतलं भिंग उलट्या बाजूला सरकतं आणि सांभाळून घेतं. फोटो काढणाऱ्याला कळतसुद्धा नाही. त्याला वाटतं, आपलाच हात पक्का."

तिनं हे निव्वळ माहिती म्हणून सांगितलं. रोज दहा जणांना सांगत असेल.

घड्याळजी यंत्रातला माणूस. भिंग कसं सरकत असेल ते लगेच त्यांच्या डोळ्यांसमोर आलं. बेस आहे, असंही क्षणभर वाटलं. मग त्यांनी आपला उजवा हात काउंटरच्या काचेवर धरला. टेकवला नाही, नुसता अधांतरी धरला. बोटं हलत होती. फार नाही, पण मनगटी घड्याळातल्या स्क्रूला तेवढं पुष्कळ झालं.

या असल्या हातानं वर्षभर घड्याळं जुळवली, आणि एकही परत आलं नाही?

ते लेकीकडे वळले. तिनं मान खाली घातली होती.

"मी घरी गेल्यावर," त्यांनी हळूच विचारलं, "माझी किती घड्याळं पुन्हा उघडलीस?"

"जाऊ द्या ना, बाबा."

"किती?"

तिनं डोळे पुसले.

"सगळी," ती म्हणाली.