दोन्हीकडचं ऐकणारा माइक

"विज्ञान माणसाला माणसाच्या जवळ आणतं," कृपादान म्हणाला, आणि त्याच्या हातातला स्क्रू उडून शेवगावच्या गटारात गेला.

"आनलं की. गटाराच्या," दानीएल म्हणाला. रविवारी तो चर्चमध्ये पेटी वाजवी आणि उरलेले सहा दिवस कृपादानच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात बसून असे. "माइक तर चांगला चाललाय. पोट कशाला फाडलं त्याचं?"

"एकाच बाजूचं ऐकतो."

"आपले पाळकसाहेबबी एकाच बाजूचं ऐकत्यात. त्यांना कुठं खोललं आपन?"

माइक कंडेन्सर, पण स्वस्तातला. आत कागदाहून पातळ दोन पडदे होते, एक पुढे, एक मागे. कंपनीने काटकसर करून मागच्याला तारच जोडली नव्हती. कृपादानने ती जोडली आणि बाहेर एक बटण बसवलं. इकडे केलं की फक्त पुढचं, तिकडे केलं की पुढचं-मागचं सारखंच. पाळकसाहेबांना उपासनेची टेप हवी होती. चर्चमध्ये पुरुष डावीकडे आणि बायका उजवीकडे बसत. अर्धी मंडळी वगळणं बरं दिसत नाही, हे त्याने त्यांना पटवून दिलं होतं.

खरं कारण दयाबाई होत्या. मुलींच्या शाळेत शिकवायच्या. चाळिशीच्या, एकट्या. कृपादान पंचेचाळिशीचा, तोही एकटा. बायकांकडे मान वळवून पाहायची रीत नव्हती, म्हणून सात वर्षं तो त्यांना नुसता ऐकत होता. गीतात त्यांची ओळ आधी कानात घ्यायची, मग आपली म्हणायची.

"तुमची गाडी कायम लेट," दानीएल चिडवायचा. "मी पेटी मिटली तरी तुमचं आपलं चालूच. मला वाटतं, पट्टीच आडकली."

आता दयाबाईंना मिरजगावच्या बदलीबद्दल विचारणा झाली होती. शनिवारपर्यंत कळवायचं होतं. त्यांचा आवाज त्यांना ऐकवायचा आणि मग, जीभ वळलीच तर, जाऊ नका म्हणायचं, एवढाच कृपादानचा बेत होता.

रविवारी त्याने माइक मधल्या वाटेत उभा केला आणि बटण तिकडे केलं. दीड तास त्याने खोकलासुद्धा दाबून धरला.

सोमवारी शाळा सुटल्यावर दयाबाई दुकानाशी आल्या. पायरीवर उभं राहून त्यांनी अख्खी टेप ऐकली.

"कसा वाटला? तुमचा आवाज?"

"माझा होय? बरा आहे," त्या म्हणाल्या. "उद्या पुन्हा लावाल?"

मंगळवारी आल्या. बुधवारी आल्या, गुरुवारीही. कृपादान स्टूल पुसून ठेवू लागला. शर्टाला इस्त्री आली. समोरच्या छगनच्या हॉटेलातून चहा ग्लासाऐवजी कपबशीत येऊ लागला. दानीएलने दुकानात बसायचं आपणहून बंद केलं, यावरून प्रकरण किती पुढे गेलं होतं ते कळावं.

शुक्रवारी टेप संपली तशी दयाबाईंनी विचारलं, "यात पुरुषांकडचे सगळे आलेत?"

"सगळे," कृपादान अभिमानाने म्हणाला. "एक आवाज सुटलेला नाही. माझी हमी."

"मग मला भासच होत असणार." त्यांनी पिशवी उचलली. "तिकडून एक आवाज यायचा. सगळे थांबले की तो एकटाच मागे उरायचा. इतकी वर्षं ऐकलाय. पाच दिवस शोधतेय, यात नाहीच."

त्या गेल्यावर कृपादानने पुरुषांची हजेरी घेतली. बावीस नावं आठवली, बावीसही टेपवर होते. तो कोण, ते त्याला सुचेना. पण जो कोण असेल त्याचा त्याला फार राग आला.

शनिवारी दयाबाईंनी बदलीला होकार कळवला. सोमवारच्या एस.टी.ने त्या मिरजगावला गेल्या.

माइकमध्ये काही दोष नव्हता. रेकॉर्डिंग बिघडू नये म्हणून त्या रविवारी कृपादान एकही ओळ गायला नव्हता.