शालीवरचा कोट

वाशीच्या सभागृहात निखिलच्या खांद्यावर सत्काराची शाल आली, तेव्हा टाळ्या वाजवता वाजवता ईश्वरीच्या पोटात दुखू लागलं. नवराबायको दोघंही वकील, आणि लग्नाआधी दोघंही कथा लिहायचे. आता पुस्तकं फक्त त्याची निघत होती आणि दोघांच्याही केसेस ती एकटी चालवत होती. आजही पनवेल कोर्टातून ती थेट इथे आली होती. गळ्यातला पांढरा बँड काढायलाही सवड मिळाली नव्हती. घरी तिने कामाचं काही विचारलं, की तो म्हणायचा, "सुचतंय मला, जरा दार लाव." त्याच्या पुस्तकांपेक्षा त्या बंद दाराचाच तिला जास्त हेवा वाटायचा. "वकिली सांभाळून एवढं लिहिता तरी कसं?" निवेदिकेने विचारलं. "सोपं आहे," निखिल हसून म्हणाला, "काळा कोट मी कोर्टातच उतरवून येतो." त्याचा कोट दिवाळीपासून तिच्या गाडीत, लॉन्ड्रीच्या पिशवीतच लटकत होता. ईश्वरी उठली आणि खाली पार्किंगमध्ये गेली. रीतीप्रमाणे लेखकाच्या सौभाग्यवतींना ओटीसाठी मंचावर बोलावलं, तेव्हा ती तो कोट घेऊनच वर चढली. ओटीतला नारळ तिने टेबलावर ठेवला आणि शालीवरूनच कोट त्याच्या खांद्यावर घातला. "उद्याच्या दोन्ही केसेस तू चालव. मी घरी लिहीत बसणार आहे." निखिलचा चेहरा उतरला. "अगं, पण केसेस आहेत कसल्या?" तो कुजबुजला. "सुचेल तुला," ईश्वरी म्हणाली.