ऊन पाण्याचा झरा

आइसलंडच्या महासभेत ठरलं, आता सगळ्यांनी ख्रिस्ती व्हायचं. थोर बाद, ओडिन बाद. बापजाद्यांचे देव सोडताना आमच्या एकाही पुरुषाच्या पोटातलं पाणी हललं नाही. अडून बसले कशावर, तर बाप्तिस्म्याच्या अंघोळीवर! पाद्री म्हणाला, ही समोर नदी आहे, बुडी मारा. तर हे तलवारी मिरवणारे म्हणतात, "एवढ्या गार पाण्यात? छे!" मग सगळं लटांबर घोड्यांवर बसून तळ्याकाठच्या ऊन झऱ्यावर आलं.

माझा नवरा केतिल बुडी मारून लालबुंद होऊन बाहेर आला. "योरुन, काय सुख आहे गं! उतर लवकर."

मी झऱ्याला वळसा घातला आणि सरळ तळ्यात शिरले. डोंगरावरचं बर्फ वितळून आलेलं पाणी ते. कमरेपर्यंत गेले आणि पाद्रीबाबांना म्हटलं, "माझं इथंच उरका."

केतिल काठावरून ओरडला, "अगं, डोकं फिरलं का तुझं? थंडीनं मरशील!"

आजवर मी त्याला 'अहो' म्हणत आले होते. तेवढं मात्र तिथंच सुटलं.

"थंडीनं माणूस मरतं, हे ठाऊक आहे होय रे तुला? मग गेल्या हिवाळ्यात, तिसरीही मुलगीच झाली म्हणून, माझ्या तान्हीला उघडी बर्फात ठेवून आलास, ते काय खेळायला?"