करड्या अक्षरांतली ओळ

काचेच्या पलीकडे बाबा खुर्चीत सरसावून बसले आणि इकडे त्यांच्या लेकीनं हाताची घडी घातली.

वेबसाइटच्या नव्या पानाच्या चाचणीसाठी बोलावलेलं गिऱ्हाईक ऐनवेळी आलंच नव्हतं. बाबा नेमके तेव्हाच तिला घराची किल्ली द्यायला ऑफिसात टपकले. साहेबांनी त्यांनाच धरलं. "काका, पंधरा मिनिटं बसता का? आमचं हिशेबाचं सॉफ्टवेअर आहे, ते फक्त एका महिन्यासाठी विकत घ्यायचं. खोटं खोटं हो, पैसे कापले जाणार नाहीत." आणि हाताला धरून आत नेऊन बसवलंसुद्धा.

नियम एकच होता. गिऱ्हाईक पडद्यासमोर असताना ज्यानं पान तयार केलं त्यानं काचेमागं उभं राहायचं. खूण नाही, खोकला नाही. हाताची घडी, तोंडावर बोट.

पान तिचंच होतं. जुन्या पानावर लोक दर बघायचे आणि चालते व्हायचे. नव्या पानावर वर्षभराचा प्लॅन आधीच निवडून ठेवलेला, त्याखाली हे एवढं थोरलं हिरवं बटण. एका महिन्याची सोय होती की! बटणाच्या खाली, करड्या रंगात, मुंगीएवढ्या अक्षरांत. या पानानं विक्री वाढली नाही तर तिच्यासकट सगळ्यांना नारळ, असं साहेबांनी कालच ऐकवलं होतं.

"काका पकडणार," शेजारी उभा प्रोग्रामर कुजबुजला.

पकडणारच. बाबांचा सगळा जन्म छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेला. औषधाच्या खोक्यातला कागदसुद्धा ते दोन्ही बाजूंनी वाचत. त्यांना ती ओळ दिसली की पान बाद, आणि पानाबरोबर तीही. दिसू नये, दिसू नये, असं ती मनात घोकत होती. मग बाबांनी सवयीनं चष्मा वर सरकवला आणि तिला एकदम उलटंच वाटलं. दिसू दे. बाबा, खाली बघा हो, एकदाच.

माउसचा बाण पानभर हिंडला. हिरव्या बटणावर येऊन थांबला. टक्. पडद्यावर 'धन्यवाद' झळकलं. वर्षभराचा प्लॅन विकला गेला होता.

"बास!" साहेबांनी टेबलावर थाप मारली. "प्रुफं तपासणाऱ्याला कळलं नाही, तर बाकीच्यांची काय कथा! संध्याकाळी लाइव्ह करून टाका."

प्रोग्रामरनं तिच्यापुढं टाळीसाठी हात केला. तिची हाताची घडी काही सुटेना.

बाबा बाहेर आले ते खुशीतच. "झालं बघ तुमचं काम. सांगितल्याप्रमाणे एका महिन्याचं घेतलं. बरोबर ना?"

साहेब मोबाइलमध्ये डोकं घालून उभे राहिले.

"बाबा," तिनं विचारलं, "तुम्ही वाचलं नाहीत? बटणाखालची ओळ?"

"कुठली ओळ?" बाबा हसले. "अगं, हे साहेब आत म्हणाले, पान तुमच्या लेकीनंच केलंय. मग म्हटलं, आता तपासायचं काय राहिलं!"